गाडी फार पिते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्राला नाही. देवापुढं उभा राहिलो तरी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागायला लागतो, म्हणजे हा विषय निघायला नको. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगितलं की उद्या परत त्याच्यासमोर बसून चहा प्यावा लागतो.

गाडीपासून सुरुवात करतो. गाडीबद्दल बोलणं सोपं असतं, आम्हा पुरुषांना तर फारच. मी वेळ काढतोय हे तुमच्या लक्षात येईलच — येऊ दे.

मी शारजात राहतो. हमरिया फ्री झोनमध्ये पाइप आणि फिटिंगचं ट्रेडिंग करणारी एक कंपनी आहे, तिथं सेल्स बघतो. कंपनीची एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह होती. मोठ्या साहेबांनी नवी घेतली आणि ही यार्डाच्या कोपऱ्यात धूळ खात उभी राहिली. भलंमोठं धूड, जाड टायर, आत शिरायला आधी पाय उचलून चढावं लागायचं. कुणालाच नको होती, कारण ती प्यायची. शहरात लिटरला पाच किलोमीटर दिले, तर बाईसाहेबांचा मूड चांगला आहे असं समजायचं. अकाउंट्समधला मेहुल मला विचारायचा, संजयभाई, ये गाडी पेट्रोल पीती है या पेट्रोल से नहाती है? तरी मी ती मागून घेतली. लहानपणी एसटीच्या मागच्या सीटवर आदळत वाढलेल्या माणसाला उंच गाडीत बसून इतरांकडं खाली बघायला आवडतं. दुसरं काही कारण नव्हतं.

आपल्या माणसाला गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला — ॲव्हरेज किती देते? इथले लोक हे विचारत नाहीत. आपला माणूस मात्र दुबईत दोन विला घेऊन बसला तरी विचारणार. गणपतीच्या आरतीनंतर, हळदीकुंकवाला बायकांना सोडायला आलेल्या नवऱ्यांच्या घोळक्यात, सगळीकडं. मी म्हणायचो, कसलं ॲव्हरेज घेऊन बसलात, गाडी फार पिते. सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या तक्रारीत थोडी मिजास असते, ते तुम्हाला माहीत असेल. हे वाक्य माझ्या जिभेवर असं बसलं की पुढं ते कुठंही आपोआप निघायला लागलं.

कुठं निघालं, ते सांगायचंय.

माझी थोरली बहीण कराडला असते. ताई. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, खोर फक्कानला बंदराजवळच्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. अर्धं आयुष्य त्यांनी तिथं काढलं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मध्ये कंटेनर. मला या देशात आणलं ते त्यांनीच. व्हिजिट व्हिसाची खटपट त्यांनी केली, विमानतळावर घ्यायला ते आले, आणि नोकरी लागेपर्यंत मी त्यांच्याच खोलीत राहिलो. पलंग एक होता. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःसाठी खाली चटई टाकली. मी नको नको म्हणालो तर म्हणाले, पावणं, तुम्ही वर झोपा, तुमच्या बहिणीला कळलं तर मला घरात घ्यायची नाही. मी पलंगावर झोपलो. महिने गेले, नोकरी लागत नव्हती, आणि हा माणूस रोज ड्यूटीवरून येऊन आधी माझ्यासाठी भात टाकायचा. कधी तोंड वाकडं केलं नाही की कधी बोलून दाखवलं नाही. मला इतकं मायेनं कुणी सांभाळलं असेल तर आईनं आणि त्यानंतर दाजींनी.

म्हणजे नातं कसलं होतं, ते तुम्हाला कळलं. आता पुढं ऐका.

दाजींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तुम्ही विचाराल, मग गावी का गेले नाहीत? इथं व्हिसा होता तोवर विमा होता, विमा होता तोवर उपचार फुकट होते. कंपनीनं माणुसकी दाखवली, त्यांना गोदामातल्या टेबलावरचं हलकं काम दिलं आणि व्हिसा चालू ठेवला. गावी गेले असते तर सगळं खिशातून, आणि खिसा किती खोल ते दाजींना ठाऊक होतं. ताईला इकडं यायचं होतं. पण तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं तिलाच करावं लागायचं. त्यामुळं तिच्या दृष्टीनं या अख्ख्या देशात दाजींचं माणूस एकच होतं. मी.

पहिल्यांदा आम्ही सगळे गेलो. मी, माझी बायको शुभांगी आणि लेक. दाजींचा रूममेट बशीर, केरळचा, त्यानं दार उघडलं. दाजी पलंगावर बसले होते. पाय सुजून तकतकीत झालेले, हातावर सुयांनी फुगलेली शीर. तोंडाला एक वास यायचा, आजाराचा. ते हसले, पावणं म्हणाले, आणि मग एकाएकी रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. शुभांगीनं जवळ बसून त्यांचा हात धरला. आणि मी काय केलं? मी एसीकडं बघत राहिलो आणि म्हणालो, फिल्टर साफ करायला झालाय वाटतं.

पुढचा सगळा वेळ ते बोलत होते. पाणी किती प्यायचं, कुठली नर्स चांगली, कुठल्या नर्सला शीर सापडत नाही. तेच तेच, परत परत. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, कधी निघायचं? मला भीती वाटत होती, हे खरं. पण नुसतं भीती म्हटलं तर ऐकायला बरं वाटतं, म्हणून पुढचंही सांगतो. मला कंटाळा आला होता. ज्या माणसाच्या पलंगावर मी फुकट झोपलो, तो माणूस मरायला टेकलेला आणि मला त्याच्याजवळ बसायचा कंटाळा आला होता.

त्यानंतर मी गेलो नाही.

ताईचा फोन यायचा, गेलतास का रं संजू? पहिल्यांदा ऑफिसचं काम सांगितलं. मग लेकीची परीक्षा. मग एकदा असाच विचार करत असताना ते वाक्य आपोआप बाहेर पडलं — अगं, गाडी फार पिते. आणि मी बघितलं, हे लागू पडतंय. ताईनं विषयच सोडला. ती कुणाच्या खिशाला कधी चटका लावणारी बाई नव्हे. मग मी ते आणखी रंगवलं. फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे काय, जुनं इंजिन किती खातं, मध्ये डोंगराचा चढ. इथं आम्हाला एक खोड असते, दिरहम बोललं की लगेच त्याचे रुपये करून सांगायचे. एक टाकी अडीचशे दिरहम, म्हणजे बघ ताई, सहा हजार रुपये झाले. जाऊन यायला निम्मी टाकी पुरते, तरी मी अख्खी सांगितली. दिरहमात तिला काही कळलं नसतं. रुपयांत तिला सासूबाईंचं महिन्याचं औषध दिसलं. ती म्हणाली, व्हय रे बाबा, लईच झालं, जमंल तवा जा.

जमंल तवा! मला इतकी मोकळीक दुसऱ्या कुणी दिली नसती. महिन्यांमागून महिने मी त्या मोकळीकीवर काढले. दाजींना मधूनमधून फोन करायचो, तब्येत विचारायचो, येतो म्हणायचो. शुभांगीला सांगायचो, या वीकेंडला नको, ते थकलेले असतात, पुढच्या वेळी. एकदा लेकीनं मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, बाबा, इट्स लाइक ॲन आवर, जस्ट गो. मी तिच्यावर ओरडलो. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये वगैरे.

मग दिवाळी आली, आणि भाऊबीज.

आमची भाऊबीज व्हिडिओ कॉलवर होते. इथं सगळ्यांचीच होते. मी हॉलमध्ये पाट मांडून बसतो, डोक्याला टोपी, समोर स्टुलावर फोन. तिकडं ताई पाटावर तांब्याला टेकवून फोन उभा करते, काचेलाच कुंकू लावते, सुपारी ओवाळते, निरांजन ओवाळते. मला दिसतं ते फक्त एक लाल बोट आणि मग ज्योत. त्यानंतर मी फोनवरूनच ओवाळणी पाठवतो, ती पोचली की तिकडं टिंग वाजतं आणि ताई हसते. त्या वर्षी तिनं ओवाळलं आणि निरांजन खाली ठेवायच्या आतच बोलली.

"संजू, औंदा ओवाळणी पाठवू नगंस. त्या पैशाचं गाडीत पेट्रोल घाल आणि ह्यांच्याकडं जाऊन ये. हीच माझी ओवाळणी."

मी काय बोललो असेन? शनिवारी जातो, एवढंच. हो म्हणालो. टोपी डोक्यावर, कपाळाला काही लागलेलं नाही, आणि मी हो म्हणालो.

आता ते सांगतो, जे इतका वेळ टाळलं. तुमच्या कदाचित आधीच लक्षात आलं असेल. गाडी कंपनीची होती. पेट्रोलही कंपनीचं होतं. पंपावर जायचं, कार्ड द्यायचं, टाकी फुल, खलास. त्या गाडीनं समुद्र प्यायला असता तरी माझ्या खिशातून एक फिल्स, म्हणजे इथला एक पैसाही, गेला नसता. मेहुल कुरकुर करायचा ती त्याच्या बजेटसाठी, पण त्यानं मला कधी अडवलं नव्हतं. बहिणीनं भाऊबीजेची ओवाळणी परत केली, ती अशा पेट्रोलसाठी जे मला फुकट मिळत होतं. आणि मी ती ठेवून घेतली.

शुभांगी सोफ्यावरच बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, मी टोपी काढून तिच्या मागं गेलो. तिनं माझ्याकडं न बघता एवढंच विचारलं, "पेट्रोल तर कंपनीचं आहे ना?" मी म्हणालो, हल्ली कंपनी कटकट करते. खोटं. ती ओटा पुसायला लागली. शनिवारी मात्र सकाळी उठून तिनं दाजींसाठी डबा केला. किडनीच्या माणसाला काय चालतं ते तिनं विचारून ठेवलं होतं. दुधीची भाजी उकडून पाणी टाकलेली, मीठ जवळजवळ नाही, पातळ फुलके, मऊ भात. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, गरम करून वाढा त्यांना, समोर बसून.

मी निघालो. खरंच खोर फक्कानला जायला निघालो होतो, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. त्या रस्त्यावर डोंगराच्या अलीकडं मलीहाकडं जायला वळण आहे. तिथं तांबूस वाळूचे मोठे उंचवटे आहेत आणि ऑफिसातली, ओळखीतली चारपाच जणं शनिवारी तिथं गाड्या वाळूत घालायची. गाडीला खरी मजा तिथंच. त्यांचा फोन आला, यल्ला, चलो संजयभाई, किधर हो? मी वळलो. अर्धा तास जातो आणि मग पुढं निघतो, असं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःशी किती प्रेमानं बोलतो, नाही? वाळूत जायचं तर टायरची हवा निम्म्यावर आणायची, फोर-व्हील लावायचं, मग इंजिन ओरडतं आणि गाडी चढते. पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली जातो. जे पेट्रोल दाजींपर्यंत जायला मला परवडत नव्हतं, ते मी तिथं वाळूत जाळलं, हसत, ओरडत.

दुपारी सगळे एका सावलीत बसले. कुणाकडं बिर्याणी, कुणाकडं शावरमा. माझ्याकडं डबा. तो परत घरी नेता येत नव्हता आणि फेकायला हात धजेना. मी उघडला. मित्रांनी आपुलकीनं त्यात हात घातला — घरका खाना म्हणून. एकानं दुधी तोंडात घातला आणि विचारलं, भाभी नमक भूल गई क्या? मी म्हणालो, हां यार, भूल गई. सगळे हसले. डबा संपला.

घरी येऊन मी शुभांगीला म्हणालो, जेवले दाजी. ताईला फोनवर सांगितलं, गेलो होतो, बरे आहेत. मग आठवडाभर फोन वाजला की मी आधी नाव बघायचो. कारण ताई आणि दाजी रोज फोनवर बोलायचे. आज ना उद्या ताई विचारणार, संजू आलता ना? आणि दाजी म्हणणार, कुठं? पण काही झालं नाही. ताईचा फोन आला तर ती उलट खूश. बरं केलंस बाबा म्हणाली. मला वाटलं, विषय निघाला नसेल. नशीब म्हटलं. पुढच्या शनिवारी परत डबा, परत ते वळण. आणि त्याच्या पुढच्या. मध्ये एकदोनदा मी त्या वळणावर गाडी हळू केली होती, हे सांगून काही फायदा नाही. वळलो ते वळलोच.

एका शनिवारी मी गुडघ्यावर बसून टायरची हवा काढत होतो आणि दाजींचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. म्हणाले, पावणं, तुमची ताई सांगत होती गाडी फार पिते तुमची. मग मला उपाय सांगायला लागले. एअर फिल्टर झटकून घ्या, डिकीतलं ओझं कमी करा, आणि टायरला हवा पूर्ण ठेवा, हवा कमी असली की इंजिनाला ओढ बसते, ॲव्हरेज पडतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी यावर विचार केला होता. माझं पेट्रोल कमी कसं जळेल, यावर. माझ्या हाताखाली हवा फुस्स करत बाहेर जात होती. मागं कुणीतरी इंजिन रेज केलं, कुणी शिट्टी मारली, हसण्याचा आवाज झाला. दाजी थांबले. मग विचारलं, कुठं आहात? मी म्हणालो, पंपावर.

मग म्हणाले, "बरं. सावकाश चालवा."

ते आमचं शेवटचं बोलणं. नंतर मी त्यांचा फोन घ्यायचं टाळलं, आणि त्यांनीही फारसे केले नाहीत. थंडी संपता संपता, डायलिसिस चालू असतानाच एका सकाळी ते गेले. बशीरनं कळवलं.

मग मात्र मी गेलो. मेलेल्या माणसाकडं जायला मला गाडी आडवी आली नाही. सकाळचा रस्ता मोकळा होता. मलीहाचं वळण गेलं, डोंगर आला, बोगदे आले, आणि एकदम समोर समुद्र. मी घड्याळ बघितलं आणि मला ओरडावंसं वाटलं. एवढंच? एवढंसंच होतं हे? पेट्रोलचा काटा पाव टाकीही उतरला नव्हता. मी बंदराच्या भिंतीपाशी गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलो. रडलो म्हणावं तर तसंही धड झालं नाही.

खोलीत बशीरनं त्यांची बॅग आवरून ठेवली होती. मला बघून तो म्हणाला, बहुत दिन बाद आया भाई. रागानं नाही, नुसतं. दाजींचा आरसा खिडकीत होता, शेजारी दाढीचं सामान. मी तिकडं बघतोय हे पाहून तो आपणहून बोलला, सॅटरडे को उसका हाथ कांपता था, फिर भी शेव करता था. अच्छा शर्ट डालता था. बैठता था. मैं बोलता था, चाचा, सो जाओ. नहीं सोता था.

मी आरसा खिडकीतून काढून बॅगेत ठेवला.

कागदपत्रं झाली, दाजींना घेऊन मी कराडला गेलो. अंत्यविधी, दिवस, सगळं झालं. तेरावं झाल्यावर एका दुपारी ताई माझ्याजवळ येऊन बसली. मी मनात ठरवलं होतं, आता सांगायचं. तिच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सांगायचं. शब्दही जुळवले होते. पण आधी तीच बोलायला लागली. म्हणाली, तू त्यांचं लई केलंस संजू, पोटच्या पोरानं केलं नसतं. मला वाटलं, माझ्याच थापा ती मला ऐकवतेय. पण मी तर फक्त गेलो होतो, बरे आहेत, जेवले — एवढंच सांगायचो. ती जे सांगत होती ते मी कधी बोललोच नव्हतो.

दाजींनी तिला सांगितलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी फोन करून. संजू आलता. आज त्यानं माझी दाढी केली, माझा हात कापतो म्हणून. आज मला धरून जिना उतरवला, गाडीत बसवलं, एसी लावून समुद्राकाठी फिरवून आणलं. गाडी लई पिते त्याची, तरी मला पार टोकापर्यंत नेलं. तू त्याला यायसाठी सारखी टोचत जाऊ नकोस, पोराचं काम असतं, तरी येतो तो. ताई विचारायची, डबा पोचला का? शुभांगीनं दिलेला? दाजी म्हणायचे, पोचला. मीठ नव्हतं, पण संजूनं समोर बसून वाढला, गोड लागला.

हे सांगताना ताई रडत होती आणि हसतही होती. मधूनच थांबून मला विचारायची, व्हय ना? समुद्राकडं गेलतासा ना? ते खिडकीची काच खाली करत होते का रे? त्यांना वारा लई आवडायचा.

मी म्हणालो, हो, करत होते.

बघा. तेव्हाही. तिनं दार उघडून धरलं होतं आणि मी म्हणालो, हो, काच खाली करत होते.

मला कुणी म्हणेल, सांगितलं नाहीस ते बरंच केलंस, तिच्याकडं तेवढं तरी राहिलं. हे मी स्वतःलाही बऱ्याचदा म्हणून बघितलंय. त्यात दम नाही. तिच्यासाठी मी गप्प बसलो नाही. दाजींनी मरता मरता माझी लाज झाकली, आणि ते पांघरूण मला उबदार वाटलं, म्हणून बसलो. ते खोटं बोलले ते कुणासाठी? तिला वाईट वाटू नये म्हणून? की मला? दाढी करून, शर्ट घालून ते वाट बघत बसायचे, आणि संध्याकाळ झाली की फोन उचलून मी न केलेल्या गोष्टी माझ्या नावावर घालायचे. मी जे करायला हवं होतं, त्याची एकेक गोष्ट त्या माणसाला पाठ होती. त्यांना तेच हवं होतं, दुसरं काय? दाढी. समुद्र. समोर बसून वाढलेला भात. एवढंच हवं होतं आणि ते सव्वा तासावर होतं.

कंपनीनं ती गाडी भंगारात काढली. आता माझ्याकडं छोटी गाडी आहे, स्वतःची. ॲव्हरेज चांगलं देते. कुणी विचारलं तर सांगतो. खोर फक्कानला जायचं आता काही कारण उरलेलं नाही, तरी एकदा गेलो होतो. समुद्राकाठच्या रस्त्यानं पार टोकापर्यंत गेलो, शेजारची काच खाली केली आणि परत फिरलो. काही झालं नाही. काही होणारही नव्हतं.

यंदाही भाऊबीज झाली. मी पाटावर बसलो, टोपी घातली, शुभांगीनं स्टुलावर फोन नीट केला. ताईनं काचेला कुंकू लावलं, सुपारी ओवाळली. ओवाळणी पाठवायला मी हात पुढं केला तशी ती म्हणाली, "नगं रे. तू दिलीस ती जन्माला पुरंल."

मी हात मागं घेतला. तिनं निरांजन उचललं, आणि मी मान खाली घालून ओवाळून घेतलं.